१२० क्रेडिट आणि त्यांचे रकाने : एका छोट्या कॅथलिक कॉलेजातलं माझं बीए

डिसेंबर २०२४ मध्ये माझं बीए पूर्ण झालं. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र. कॉलेज अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत, बेनेडिक्टाइन संन्याशांच्या मठाला लागून असलेलं. विद्यार्थी हजाराच्या आसपास, चहूकडे मक्याची शेतं, आणि जवळचं मोठं शहर म्हणजे शिकागो, तेही गाडीने काही तासांवर. एमएस करायला जाणाऱ्यांसाठी मराठीत ढिगाने लिहिलेलं आहे. इथे दोन वर्षं बीए करून मग तिकडे जाणाऱ्यांना मात्र विचारायला माणूस सापडत नाही. मला गेल्या काही महिन्यांत दोघातिघांनी फोन करून तेच ते प्रश्न विचारले, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. कॉलेजच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं : पदवीसाठी १२० क्रेडिट (कोर्स पूर्ण केला की जमा होणारी एककं). ते खरं आहे, पण अर्धंच. प्रत्येक क्रेडिटला आपला रकाना असतो. थिऑलॉजीचे (ख्रिस्ती धर्मशास्त्राचे) सहा, तत्त्वज्ञानाचे सहा, प्रयोगशाळेसह विज्ञानाचे चार, साहित्य, इतिहास, कला, गणित किंवा संख्याशास्त्र, परकी भाषा, लेखन. हा झाला ‘कोअर’, म्हणजे सगळ्यांना सक्तीचा भाग. मग मेजरचे छत्तीस. त्याशिवाय एकूण चाळीस क्रेडिट तीनशे क्रमांकाच्या वरच्या, म्हणजे प्रगत पातळीच्या, कोर्सेसचे हवेत. शेवटचे तीस याच कॉलेजात घेतलेले हवेत. सरासरी ग्रेड २.० च्या खाली नको. रेशनच्या दुकानात गहू जास्त मिळाला म्हणून साखरेचा कोटा भरत नाही, तसं आहे हे. माझे शेवटी १२८ क्रेडिट झाले, आणि तरीही शेवटच्या सेमिस्टरला एक रकाना रिकामा होताच. आकडे कॉलेजागणिक बदलतात, रचना मात्र बहुतेक ठिकाणी अशीच.

कागदपत्रं : नोव्हेंबर २०२१ ते मे २०२२

एसवायबीए झालं होतं, सगळं कोविडच्या ऑनलाइन परीक्षांत. मावशी शिकागोजवळ राहते. तिच्या ओळखीत कुणाची तरी मुलगी अशाच एका कॅथलिक कॉलेजात शिकत होती आणि तिला बरी स्कॉलरशिप मिळाली होती. तेवढ्या धाग्यावर आम्ही शोध सुरू केला.

अमेरिकन कॉलेजला आपली मार्कशीट थेट चालत नाही. ‘कोर्स-बाय-कोर्स’ मूल्यांकन लागतं. त्यासाठी तिथल्या एखाद्या मान्यताप्राप्त मूल्यांकन संस्थेकडे नोंदणी करायची, आणि आपल्या विद्यापीठाने सहीशिक्क्यासह ट्रान्सक्रिप्ट परस्पर तिकडे पाठवायचं. कॉलेजने दिलेलं चालत नाही, विद्यापीठाचंच हवं. मूल्यांकनाचा खर्च दोनशे डॉलरच्या आसपास आला, विद्यापीठाची फी आणि कुरिअर वेगळं. नोव्हेंबरमध्ये अर्ज केला तो अहवाल फेब्रुवारीच्या शेवटी हातात पडला.

मधला बराच वेळ नावात गेला. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव माझ्या नावाला जोडून ‘गिव्हन नेम’मध्ये. मूल्यांकन संस्थेच्या संगणकाला या दोन वेगळ्या मुली वाटल्या. शेवटी नोटरीकडून ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. तुम्ही अजून अर्ज केला नसेल, तर आजच पासपोर्टमधलं नाव जसंच्या तसं सगळीकडे भरायला सुरुवात करा, ईमेल आयडीपासून.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. दोन्ही वर्षांचे सगळे सिलॅबस विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आत्ताच उतरवून ठेवा. पॅटर्न बदलला की जुने सिलॅबस शोधणं अवघड होतं, आणि दीड वर्षाने तेच कागद तुमचे हजारो डॉलर वाचवतात. कसे, ते पुढे येईलच.

फीबद्दल. या छोट्या खासगी कॉलेजांत छापील फी आणि प्रत्यक्ष फी यांत मोठं अंतर असतं. माझी छापील ट्यूशन वर्षाला ३८ हजार डॉलर होती, त्यातले २२ हजार स्कॉलरशिपने गेले. राहणं-जेवण अकरा हजारांच्या घरात, आरोग्य विमा सक्तीचा. उरलेल्यासाठी कर्ज काढलं. ऑगस्ट २०२२ मध्ये डॉलर ऐंशी रुपयांच्या आत-बाहेर होता, मी संपवलं तेव्हा पंच्याऐंशीला टेकला होता. कर्जाचा हिशेब करताना हा फरक आधीच धरा.

घरात काळजी वेगळीच होती. अण्णांनी माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि थिऑलॉजीवर बोट ठेवलं. “हे सक्तीचं आहे?” मी म्हटलं, हो, दोन कोर्स. “म्हणजे तिकडे धर्म शिकवणार?” यावर आजी आतून म्हणाली, “शिकू दे की. इतकी वर्षं घरात गीता आहे, ती तरी कुठं उघडली हिनं.” विषय तिथे मिटला नाही, पण हलका झाला. मी ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून सरळ विचारलं : मी हिंदू आहे, मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जावं लागेल का, श्रद्धेवर मार्क असतात का? दोन्हींचं उत्तर नाही असं लेखी आलं. अण्णांनी त्या ईमेलची प्रिंट काढून फाइलमध्ये लावली.

व्हिसाचं थोडक्यात सांगते, त्यावर लिहिलेलं भरपूर मिळतं. आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा दाखला) आल्यावर सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी ३५० डॉलर, व्हिसाची तेव्हा १६० (२०२३ च्या जूनपासून ती १८५ झाली). त्या उन्हाळ्यात तारखा मिळत नव्हत्या. मध्यरात्री उठून संकेतस्थळ बघायचो. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीत अधिकाऱ्याने एकच खरा प्रश्न विचारला, इतकं छोटं कॉलेज का? मी म्हटलं, माझे दोन वर्षांचे क्रेडिट ते घेतायत आणि स्कॉलरशिप देतायत. पुढचं त्याने ऐकलंही नाही, पासपोर्ट ठेवून घेतला.

ऑगस्ट २०२२ : बावन्न आले, पण बसले कुठे?

पहिल्या आठवड्यात रजिस्ट्रारच्या ऑफिसात बोलावलं. तिथे ‘डिग्री ऑडिट’ नावाचं पान दाखवतात : डावीकडे सगळ्या अटी, पूर्ण झालेल्या हिरव्या, राहिलेल्या लाल. भारतातल्या दोन वर्षांचे बावन्न क्रेडिट त्यांनी मान्य केले होते. ऐकायला छान. पण त्यातले जेमतेम पंधरा रकान्यात बसले होते, तेही अर्थशास्त्राचे. बाकी सगळे ‘इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक) या एका गोणीत. पान वरपासून खालपर्यंत लाल.

रजिस्ट्रार बाई साठीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. माझा चेहरा बघून म्हणाल्या, “हा पहिला मसुदा आहे. पिटिशन हा कागद कशासाठी असतो?” आणि ड्रॉवरमधून फॉर्मांचा गठ्ठाच काढून दिला. पिटिशन म्हणजे अमुक पेपर अमुक रकान्यात धरा, असा विनंतीअर्ज. मोठ्या विद्यापीठात हे काम पोर्टलवर होतं म्हणे. छोट्या कॉलेजचा खरा फायदा मला त्या दिवशी कळला : फॉर्मवर निर्णय घेणारी माणसं त्याच कॅन्टीनमध्ये जेवतात.

त्यांनीच कॅटलॉगचा, म्हणजे कोर्स आणि पदवीच्या अटी छापलेल्या पुस्तकाचा, नियम समजावला. तुम्ही ज्या वर्षी दाखल होता, त्या वर्षीच्या कॅटलॉगमधल्या अटी तुम्हाला शेवटपर्यंत लागू. पुढे कॉलेजने कोअर बदलला तरी तुम्हाला जुनाच. त्यामुळे त्या वर्षीचा कॅटलॉग पीडीएफ करून ठेवा. आमच्याकडे २०२३ मध्ये कोअर बदलला आणि ॲडव्हायझरसुद्धा काही वेळा नव्या अटी सांगायचे. मी पीडीएफचं पान पुढे करायची.

पिटिशनचं काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण बऱ्याच जणांना इथेच पैसे वाचवता येतील.

मराठी साहित्याचे पेपर मी साहित्याच्या रकान्यासाठी मांडले. सिलॅबस मराठीत होता. प्रमाणित भाषांतर लागलं, पानागणिक पैसे मोजून. सोबत मी एक पान जोडलं : कोणत्या प्रकारचं लेखन वाचलं, किती लेखी काम केलं, परीक्षा कशी होती. तीन आठवड्यांनी मंजूर.

भूगोलाचे पेपर विज्ञानासाठी मांडले. प्रॅक्टिकल होतं, जर्नल होतं, नकाशे काढले होते. नामंजूर. त्यांच्या हिशेबात भूगोल सामाजिक शास्त्रांत पडतो. मात्र त्याच पिटिशनवर समितीने आपणहून शेरा मारला की सामाजिक शास्त्राचा रकाना भरला. म्हणजे गेले विज्ञानासाठी, आले दुसरंच घेऊन.

अनिवार्य इंग्रजी लेखनाच्या रकान्यात बसलं नाही. त्याऐवजी त्यांनी एक निबंध लिहून घेतला आणि दोनपैकी पहिला कोर्स माफ केला. दुसरा मी केला, आणि बरं झालं. संदर्भ देऊन युक्तिवाद करत दहा पानं लिहायची सवय आपल्याकडच्या बीएत कुणी लावत नाही.

परकी भाषेची अट मात्र सुटली. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शालेय शिक्षण झालं असेल तर ती माफ होते. बारावीची मार्कशीट आणि शाळेचा मराठी माध्यमाचा दाखला दिला. इथे मला शंका होती की साहित्याच्या रकान्यातही मराठी आणि भाषेच्या माफीतही मराठी, असं चालेल का. चाललं, कारण माफीत क्रेडिट मिळत नाहीत, फक्त अट उठते. हा फरक लक्षात ठेवा : माफी मिळाली की रकाना हिरवा होतो, पण एकूण बेरजेत काही वाढत नाही.

आणि तोंडी ‘हो’ला अर्थ नाही. ऑडिटच्या पानावर हिरवं दिसेपर्यंत विषय संपला असं धरू नका. दर सेमिस्टरच्या शेवटी ते पान उतरवून तारखेसह जपायचं.

थिऑलॉजी

पहिला कोर्स पहिल्याच सेमिस्टरला घेतला, ज्याची धास्ती जास्त ते आधी उरकावं म्हणून. शिकवायला मठातले एक फादर, काळा झगा, पायात स्नीकर्स. तासाच्या सुरुवातीला अर्धा मिनिट प्रार्थना व्हायची. सगळे उभे राहायचे, मीही राहायची. म्हणायची सक्ती नव्हती.

पहिल्या दोन आठवड्यांत मला बायबलचे साधे संदर्भही कळत नव्हते. पुस्तकाचं नाव, मग आकडा, मग अपूर्णविराम, मग आणखी आकडा. अध्याय आणि वचन, एवढं समजायला एका मैत्रिणीला गाठावं लागलं. तिथून मी एक पद्धत धरली : नेमलेला अध्याय आधी फोनवर मराठीत वाचायचा, मग इंग्रजीत तळटीपांसह. बायबलचं पहिलं पुस्तक ‘उत्पत्ती’ मराठीत वाचताना जे सहज उमगायचं, त्यासाठी इंग्रजीत तिप्पट वेळ गेला असता. तळटीपांची आवृत्ती विकत घेऊ नका. लायब्ररीच्या रिझर्व्हमध्ये असते, दोन तासांसाठी मिळते.

पहिला निबंध ‘उत्पत्ती’च्या पहिल्या दोन अध्यायांवर होता. त्यांत सृष्टीनिर्मितीच्या दोन वेगवेगळ्या कथा आहेत. पहिल्या कथेत माणूस सगळ्यांत शेवटी, दुसऱ्या कथेत प्राण्यांच्याही आधी. वर्गातली जन्मापासून चर्चमध्ये जाणारी काही मुलं यावर चांगलीच अस्वस्थ झाली. फादर शांतपणे म्हणाले, “मजकुरात काय आहे ते आधी वाचा, तुम्हाला काय माहीत आहे ते नंतर.” त्या कोर्समध्ये कॅथलिक शाळेतून आलेल्या बऱ्याच जणांना सी मिळाला, कारण त्यांनी वाचलंच नव्हतं, आठवणीवर लिहिलं होतं. माझ्याकडे आठवण नव्हतीच. वाचण्यावाचून इलाज नव्हता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) २८ ऑक्टोबर १९६५ चा एक जाहीरनामा आम्हाला वाचायला होता, इतर धर्मांशी चर्चचं नातं काय यावर. त्यात हिंदू धर्माचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही असं म्हटलं आहे. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले, जणू मी पावती देणार होते. मी विचारलं की नाकारत नाही आणि मान्य करतं यांत फरक आहे ना? फादर खूश झाले. उरलेला तास त्या एका क्रियापदावर गेला.

त्यांच्याशी बोलताना एकदा ख्रिस्तपुराणाचा विषय निघाला. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राचोलला राहून मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या, १६१६ मध्ये ते छापून निघालं, तेही रोमन लिपीत. फादरना स्टीफन्सचं नाव माहीत होतं, ओवी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी त्यांना ज्ञानेश्वरीतल्या दोन ओव्या चालीवर म्हणून दाखवल्या, बेसूरच. जादा गुणांसाठी वर्गात वीस मिनिटं यावर बोलले. आपल्या घरच्या वस्तूची अशी परक्या वर्गात गाठ पडली की आनंद होतो, हे कबूल.

तत्त्वज्ञानाचे दोन कोर्स मला थिऑलॉजीपेक्षा जड गेले. त्याबद्दल इतकंच, की ॲरिस्टॉटल सकाळी आठच्या तासाला घेऊ नका.

उन्हाळा २०२३ आणि क्लेप

इतिहासाचा रकाना मी परीक्षेने भरला. कॉलेज बोर्डाच्या ‘क्लेप’ नावाच्या परीक्षा असतात. कोर्स न करता परीक्षा द्यायची, उत्तीर्ण झालात तर क्रेडिट. फी तेव्हा शंभर डॉलरच्या आत, केंद्राची थोडी वेगळी. तीन क्रेडिटचा उन्हाळी कोर्स त्या मानाने कित्येक पटींनी महाग. मी ‘पाश्चात्त्य संस्कृती, भाग १’ घेतला. प्राचीन मध्यपूर्वेपासून १६४८ पर्यंत, १२० प्रश्न, ९० मिनिटं. मावशीकडे राहून, सार्वजनिक ग्रंथालयातल्या पुस्तकांवर अभ्यास केला. गुण २० ते ८० या पट्टीवर देतात, सर्वसाधारणपणे ५० लागतात. मात्र आधी रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्या की ती परीक्षा नेमक्या कोणत्या रकान्यात धरतील. काही कॉलेजं क्लेप फक्त इलेक्टिव्हमध्ये टाकतात, काही मुळीच घेत नाहीत. थिऑलॉजीला असला आडमार्ग नाही, ती त्यांच्याच वर्गात बसून करावी लागते.

छोट्या कॉलेजचं वेळापत्रक

आता तोट्याची बाजू. हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात प्रत्येक कोर्स दर सेमिस्टरला नसतो. अर्थशास्त्र विभागात तीन प्राध्यापक. इंटरमीडिएट मायक्रो (सूक्ष्म अर्थशास्त्र) फक्त एका वर्षीच्या स्प्रिंगला, म्हणजे जानेवारी ते मे या सेमिस्टरला, मॅक्रो (समग्र अर्थशास्त्र) त्याच्या पुढच्या वर्षीच्या स्प्रिंगला. सीनियर सेमिनार, म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प-कोर्स, दर फॉलला (ऑगस्ट ते डिसेंबर), पण त्याआधी ही दोन्ही झालेली हवीत. म्हणजे स्प्रिंग २०२३ मायक्रो, स्प्रिंग २०२४ मॅक्रो, फॉल २०२४ सेमिनार. क्रेडिटच्या बेरजेने मी दोन वर्षांत सुटायला हवी होते. साखळीने अडीच वर्षं लावली. हे सगळं कॅटलॉगमध्ये छापलेलं असतं, प्रत्येक कोर्सखाली बारीक तिरप्या अक्षरांत : ‘सम वर्षी, स्प्रिंग’. अर्ज करण्यापूर्वीच आपल्या मेजरची ती बारीक अक्षरं वाचून कागदावर साखळी मांडून बघा.

फॉल २०२३ ला प्रयोगशाळेसह खगोलशास्त्र घेतलं. चार क्रेडिट, लॅब फी पंचाहत्तर डॉलर. वाटलं होतं चित्रं बघायची असतील. निघालं गणित, आणि नोव्हेंबरच्या रात्री गच्चीवर दुर्बिणीशी कुडकुडणं. ढग आले की लॅब पुढे ढकलायची, मग ती दुसऱ्या कशावर तरी आदळायची. ऑक्टोबरच्या मध्यावर मला तो कोर्स सोडायचा होता. त्या सेमिस्टरला माझे सोळा क्रेडिट होते, सोडला असता तरी बारा उरले असते, म्हणून कायद्याने चाललं असतं. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर बाराच्या खाली जायचं असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, नाहीतर स्टेटस जातं. शिवाय त्या बारांत ऑनलाइन कोर्स एकच धरतात. मी सोडला नाही, कारण रजिस्ट्रार बाईंनी वेळापत्रक उघडून दाखवलं : पुढची लॅब-सायन्स मॅक्रोच्याच वेळेला. गच्चीवर बी मिळाला. मध्ययुगात ज्या सात विद्यांना ‘लिबरल आर्ट्स’ म्हणत त्यांत खगोल होतं, अर्थशास्त्र नव्हतं, हे तिथल्या सरांनी मला दर आठवड्याला ऐकवलं.

स्प्रिंग २०२४ : पोप आणि ऊस

दुसऱ्या थिऑलॉजीसाठी निवड होती. मी ‘कॅथलिक सामाजिक विचार’ घेतला, आणि सगळ्या पदवीत एकच कोर्स पुन्हा करायला मिळाला तर मी हाच करेन. सुरुवात १८९१ च्या पोप लिओ तेराव्यांच्या परिपत्रकापासून, कारखान्यांतल्या मजुरांबद्दलचं. त्यात एक ठाम मुद्दा आहे : मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने ठरवली तरी मजुरी न्याय्य ठरतेच असं नाही, काटकसरीने राहणाऱ्या मजुराचं तीत भागलं पाहिजे. तिकडे अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही दोघांची संमती हीच किमतीची कसोटी धरत होतो. दोन वर्ग एकाच मजल्यावर, एकामागून एक.

मी लिहिलं ऊसतोडीवर. आमच्याकडे दर दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात, फडाशेजारी पालं पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडत हंगाम संपतो. मजूर मोजायचं एकक ‘कोयता’, म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायको मिळून एक. संमती आहे, करारही आहे, तोंडी का होईना. मग अन्याय नेमका कुठे बसला आहे? लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीला मी पहिल्यांदा प्रश्न म्हणून बघितलं. प्राध्यापिकेने शेरा लिहिला की हाच सीनियर सेमिनारचा विषय कर. तो मी केला.

त्या सेमिस्टरची आणखी एक आठवण म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातले शुक्रवार. मेसमध्ये मांस नसायचं. आम्ही शाकाहारी वर्षभर सॅलड चघळणारे, त्या दिवशी मात्र आमच्यापुढेही रांग.

मुदतवाढ आणि एक विचित्र हिशेब

माझ्या आय-ट्वेंटीवर शेवटची तारीख मे २०२४ होती. ती उलटण्याआधी मुदतवाढ मागावी लागते, उलटल्यावर नाही. कारण शैक्षणिक हवं. कोर्सची साखळी आणि ॲडव्हायझरचं पत्र जोडलं, वाढीव सेमिस्टरच्या खर्चासाठी अण्णांच्या बँकेचं नवं पत्र. मार्चमध्ये अर्ज दिला, एप्रिलमध्ये डिसेंबर २०२४ ची तारीख पडली.

मे अखेर माझे ११६ झाले. फॉलला हवे होते नऊच : सेमिनार आणि दोन वरच्या क्रमांकाचे कोर्स. शेवटच्या सेमिस्टरला परवानगीने बाराच्या खाली जाता येतं. मी खूश झाले, नऊचेच पैसे. मग बिलं मांडली. स्कॉलरशिप पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच मिळते. नऊ क्रेडिट सुट्ट्या दराने घेतले तर १०,८०० डॉलर. बारा घेतले तर स्कॉलरशिप वजा जाऊन आठ हजार. जास्त शिकलं तर स्वस्त! उरलेल्या तीन क्रेडिटसाठी दुपारी दोनला मोकळा असलेला एकच वर्ग होता, लॅटिन. विभक्ती प्रत्यय पाठ करायची सवय शाळेतल्या संस्कृतने लावलीच होती.

फॉल २०२४ : शेवटचे फॉर्म

ग्रॅज्युएशनसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही. आमची तारीख सप्टेंबरच्या अखेरीस होती, फी सव्वाशे डॉलर. डिप्लोमावर नाव कसं छापायचं ते याच अर्जात लिहायचं असतं. पासपोर्टप्रमाणेच लिहा, भावनेच्या भरात नको. डिसेंबरमध्ये संपवणाऱ्यांना समारंभासाठी पुढच्या मे पर्यंत थांबावं लागतं. मी थांबले, आईबाबा मात्र येऊ शकले नाहीत, तिकिटांचे भाव बघून.

ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे तात्पुरतं काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज कोर्स संपायच्या नव्वद दिवस आधीपासून करता येतो. ऑनलाइन फी तेव्हा ४७० डॉलर होती. एक गोष्ट पहिल्याच वर्षी बघून ठेवा : आय-ट्वेंटीवर मेजरचा सांकेतिक क्रमांक असतो. साधं अर्थशास्त्र ४५.०६०१, त्याला एक वर्षाची ओपीटी. इकॉनॉमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्र ४५.०६०३, ते स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) धरतात आणि पुढे दोन वर्षं वाढतात. छोट्या कॉलेजांत बहुधा पहिलाच असतो. माझाही पहिलाच.

आणि तो रिकामा रकाना. ऑक्टोबरच्या ऑडिटमध्ये ‘लेखनप्रधान कोर्स, वरचा स्तर’ लाल दिसत होता. सामाजिक विचाराचा कोर्स त्यासाठी धरला जाणार असं वर्गात सांगितलं होतं, यादीत मात्र ते नाव चढलं नव्हतं. सिलॅबस, माझा पंचवीस पानी निबंध आणि प्राध्यापिकेचा दोन ओळींचा ईमेल घेऊन रजिस्ट्रार बाईंकडे गेले. त्यांनी तिथेच पिटिशन लिहून घेतलं, डीन जेवायला निघाले होते त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून सही घेतली. पान पूर्ण हिरवं झालं तेव्हा त्या म्हणाल्या, “प्रिंट काढ. मी उद्या निवृत्त झाले तर?”

डिप्लोमा फेब्रुवारीत पोस्टाने आला, लॅटिनमध्ये छापलेला. बहुतेक शब्द मला लागले. पण भारतात पुढे शिकायचं किंवा सरकारी नोकरी बघायची तर समकक्षता लागते, आणि तिथे लॅटिन कुणी वाचणार नाही. म्हणून रजिस्ट्रारकडून दोन गोष्टी त्याच वेळी मागून घ्या : पदवी, मेजर आणि तारीख सांगणारं इंग्रजी पत्र, आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या जादा प्रती. पत्र नोटराइज करून त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल होतं, म्हणजे परदेशात चालण्यासाठी सरकारी शिक्का मिळतो. हे काम तिथे असतानाच उरका. भारतात परतल्यावर हेच सगळं टपालाने करावं लागतं.